ठोकळ्यांतून नगराकडे

बालपणीचे खेळणे माणसाला किती दूर नेते, याचे उदाहरण अमेरिकन वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांच्या चरित्रात आढळते. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्यांच्या मातोश्रींनी जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांची खेळणी पाहिली आणि नऊ वर्षांच्या मुलासाठी ती मिळवली. त्यांत होते लाकडाचे साधे, गुळगुळीत ठोकळे. फ्रोबेल यांचा दंडक असा, की रचनेत प्रत्येक तुकडा उपयोगात यावा आणि पहिली रचना न उधळता तिच्यातूनच दुसरी घडावी. काटकसर जपणाऱ्या व्यापारी घरांना ही शिस्त परकी वाटणार नाही.

त्या ठोकळ्यांचा स्पर्श बोटांत कायम राहिला, असे राइट यांनी पुढे लिहिले. १९३५ साली त्यांनी ‘ब्रॉडएकर सिटी’ या कल्पित नगराची भव्य प्रतिकृती न्यूयॉर्कमध्ये मांडली. त्या नगरात प्रत्येक कुटुंबाला निदान एक एकर जमीन मिळायची होती. ते नगर प्रत्यक्षात उभे राहिले नाही. सारा व्यवहार मोटारीवर विसंबल्याचा आक्षेपही त्यावर आला.

ठोकळा चुकला तर उचलून पुन्हा ठेवता येतो. नगराची रचना चुकली, तर तिची किंमत तेथे राहणाऱ्यांच्या पिढ्या मोजतात. मुलांच्या हाती ठोकळे देताना हा भेदही त्यांच्या मनावर ठसवावा.