छोट्या मोटारीचे पंधरा वर्षांचे गणित

गोंदिया : 22 सप्टेंबर 2025 रोजी घटस्थापना होती आणि त्याच दिवशी वस्तू व सेवा कराचे नवे दर देशभर लागू झाले. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन 1,200 सीसीपर्यंत असलेल्या पेट्रोल मोटारींवरचा 28 टक्के कर व त्यावरचा एक टक्का उपकर जाऊन सरसकट 18 टक्के कर राहिला. मारुती अल्टो के-10 ची सुरुवातीची शोरूम किंमत त्या दिवशी 3 लाख 69 हजार 900 रुपयांवर आली, रेनॉ क्विडची 4 लाख 29 हजार 900 वर, टाटा टियागोची साडेचार लाखांच्या किंचित पुढे, सेलेरिओची 4 लाख 69 हजार 900 वर आणि वॅगन-आरची पाच लाखांच्या उंबरठ्यावर. वर्तमानपत्रांची पाने जाहिरातींनी भरली. मोटार सामान्यांच्या आवाक्यात आली, असे सर्वत्र सांगितले गेले. ते आवाक्यात येणे गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यात कसे दिसते, हे मात्र फारसे कोणी तपासले नाही.

येथे किंमत रुपयांत सांगून भागत नाही, ती धानात सांगावी लागते. 2025-26 च्या खरीप हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये होता. अल्टोच्या सर्वांत खालच्या प्रकारावर राज्याचा 11 टक्के वाहन कर आणि विमा चढवला की गाडी दारात येईपर्यंत सव्वाचार लाखांच्या पुढे जाते. म्हणजे सुमारे 180 क्विंटल धान. एकरी 16 क्विंटल उत्पन्न धरले, तर अकरा एकरांहून अधिक शेताचे संपूर्ण पीक. त्यात बियाणे, खत, रोवणीची मजुरी, मळणी यांपैकी काहीही वजा केलेले नाही. बहुसंख्य शेतकरी अल्पभूधारक असलेल्या जिल्ह्यात मोटार केवळ शेतीच्या उत्पन्नावर घेतली जात नाही, हे उघड आहे. ती घेतली जाते एखाद्या शिक्षकाच्या वेतनावर, राईस मिलमधील नोकरीवर, तिरोड्याच्या वीज प्रकल्पातील कामावर किंवा घरातला मुलगा नागपूर-पुण्याहून पैसे पाठवतो म्हणून. आणि एकदा घेतली की ती तीन-चार वर्षांत बदलण्याचा विचारही कोणी करीत नाही. महानगरातील ग्राहक पुनर्विक्रीची किंमत पाहतो. गोंदियाच्या ग्राहकाने गाडी पंधरा वर्षे चालेल काय, हे पाहावयाचे असते. खासगी मोटारीची नोंदणीही पंधरा वर्षांसाठीच होते. नंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि त्याचे शुल्क एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून थेट पाच हजार झाले. वीस वर्षांपुढील मोटारीसाठी ते ऑगस्ट 2025 मध्ये दहा हजारांवर नेण्यात आले.

हप्त्याचा प्रश्न याहून अवघड आहे. चार लाखांचे कर्ज नऊ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे 8,300 रुपये बसतो. तेच सात वर्षांसाठी घेतले तर 6,436 रुपये. विक्रेता दुसरा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून देतो. मात्र सात वर्षांच्या कर्जात एकूण परतफेड 42 हजार रुपयांनी वाढते, हे तो लिहीत नाही. ज्यांच्या घरी महिन्याच्या एक तारखेला वेतन येते त्यांचे हे गणित जमते. ज्यांची मिळकत धानाच्या चुकाऱ्यांवर आहे, त्यांचे जमत नाही. खरेदी केंद्रावर धान दिवाळीनंतर जातो, चुकारे कधी पंधरा दिवसांत मिळतात तर कधी महिनोनमहिने अडकतात. बँकेचा हप्ता मात्र अडकत नाही. अशा कुटुंबाने किमान सहा हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नये. ती बाजूला ठेवणे शक्य नसेल तर गाडी एक हंगाम पुढे ढकलणे शहाणपणाचे.

आता निवडीकडे वळू. पहिली अडचण अशी की निवड करण्याजोगे फार थोडे उरले आहे. 1983 च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800 चे उत्पादन 2014 च्या जानेवारीत थांबले. 2008 मध्ये एक लाखाची मोटार म्हणून जगभर गाजलेली नॅनो 2018 मध्ये संपली. सॅन्ट्रो पुन्हा आली आणि 2022 मध्ये पुन्हा गेली. उत्सर्जनाचे नियम कडक झाल्याने अल्टो 800 ने 2023 मध्ये निरोप घेतला. छोटे डिझेल इंजिन तर भारत स्टेज-6 नियमांनी, म्हणजे एप्रिल 2020 पासून, जवळजवळ हद्दपारच केले. या छोट्या मोटारी टिकाव्यात म्हणून त्यांना इंधन-कार्यक्षमतेच्या नव्या नियमांत सवलत द्यावी की नाही, यावर उत्पादकांत जुंपली. सप्टेंबर 2025 च्या मसुद्यात 909 किलोपर्यंतच्या पेट्रोल मोटारींना सूट सुचवली गेली तेव्हा मारुती एका बाजूला आणि टाटा व महिंद्र दुसऱ्या बाजूला उभे राहिले. यात ग्राहकाची बाजू कोणी मांडली, असे दिसले नाही.

कंपनी उद्या राहील काय, हा प्रश्न पंधरा वर्षांच्या ग्राहकासाठी मायलेजइतकाच महत्त्वाचा आहे, आणि हा केवळ भीतीचा बागुलबुवा नाही. जनरल मोटर्सने 2017 च्या अखेरीस भारतातील विक्री बंद केली. ज्या तळेगावात शेवरलेच्या मोटारी बनत, तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये येथील उत्पादन गुंडाळत असल्याचे जाहीर केले. डॅटसन हे नाव एप्रिल 2022 मध्ये गेले. स्पार्क, बीट, फिगो, रेडी-गो या मोटारी वाईट होत्या असे नाही. त्यांतील काही आजही धडधाकट धावतात. मोठ्या शहरातील मालकाला सुटे भाग दोन दिवसांत मिळतात. देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या मालकाला पुढच्या दिव्याच्या काचेसाठी नागपूरच्या फेऱ्या माराव्या लागतात.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की या जिल्ह्यात मोटार निवडताना आधी शोरूममध्ये न जाता आपल्या तालुक्याच्या गावातील मिस्त्रीकडे जावे. तो कोणत्या गाडीचे इंजिन डोळे मिटून उघडतो, कोणत्या गाडीचा क्लच-प्लेट, बेअरिंग, सस्पेन्शनचे बुश त्याच्या कपाटात पडून असतात आणि कोणत्या गाडीचे नाव काढताच तो ‘गोंदियाला न्या’ म्हणतो, हे विचारावे. कंपनीचे सेवा केंद्र हमीच्या काळात हवेच. मारुतीने जुलै 2024 पासून तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटरची मूळ हमी दिली आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण हमीनंतरही बारा वर्षे उरतात, आणि ती मिस्त्रीच्या भरवशावर काढावयाची असतात. याच कसोटीवर अल्टो, सेलेरिओ आणि वॅगन-आर पुढे जातात. या तिघींत एक लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन मिळते व ते खेड्यापाड्यांतील हातांना सरावाचे होत चालले आहे. एकाच इंजिनाच्या इतक्या गाड्या रस्त्यावर असणे, हीच सुट्या भागांची खरी हमी.

याचा अर्थ इतर गाड्या बाद, असा नाही. येथे सुरक्षिततेचा मुद्दा येतो आणि तो मिस्त्रीच्या कपाटाइतका सोपा नाही. पूर्वीचा सहा क्रमांकाचा आणि आताचा 53 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग सडक अर्जुनी आणि देवरी तालुक्यांतून छत्तीसगडकडे जातो. या मार्गावर रात्रंदिवस अवजड मालमोटारी धावतात. ग्लोबल एनकॅपच्या एप्रिल 2023 च्या धडक-चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी अल्टो के-10 ला दोन तारे मिळाले आणि वॅगन-आरला एक. टियागोला जानेवारी 2020 मध्ये चार मिळाले होते. ही तुलना सरळ नाही, कारण मधल्या काळात, 2022 मध्ये, चाचणीचे निकष कडक झाले. त्यानंतर 2025 मध्ये मारुतीने या छोट्या गाड्यांत सहा एअरबॅग सरसकट दिल्या. सहा एअरबॅगची सक्ती करण्याचा बेत केंद्राने 2023 मध्ये सोडून दिला होता, तेव्हा ही सुधारणा कायद्याने नव्हे, बाजारानेच घडवली म्हणावयाचे. पण एअरबॅग वाढल्या म्हणून सांगाडा आपोआप मजबूत होत नाही. ज्याला आठवड्यातून तीनदा महामार्गाने साकोली किंवा देवरी गाठावे लागते, त्याने टियागोचा विचार गांभीर्याने करावा, थोडे मायलेज कमी मिळाले तरी. ज्याची गाडी सालेकसा-आमगाव-गोंदिया एवढ्याच वर्तुळात फिरणार आहे, त्याला हलकी, कमी खर्चाची गाडी पुरते. मागच्या आसनावरचे पट्टे मात्र दोघांनीही लावावेत. ते लावण्याची आपल्याकडे अजूनही लाज वाटते.

इंधनाविषयी भ्रम पुष्कळ आहेत. सीएनजीची गाडी पेट्रोलपेक्षा साधारण 90 हजारांनी महाग पडते. पेट्रोल 105 रुपये लिटर व सरासरी 20 किलोमीटर, सीएनजी 90 रुपये किलो व सरासरी 28 किलोमीटर असे धरले, तर किलोमीटरमागे दोन रुपयांची बचत होते. म्हणजे जादा पैसे 45 हजार किलोमीटरनंतर वसूल होतात. वर्षाला 20 हजार किलोमीटर फिरणाऱ्याला ते सव्वादोन वर्षांत मिळतील, पाच हजार फिरणाऱ्याला नऊ वर्षे लागतील. त्यात दर तीन वर्षांनी टाकीची दाब-चाचणी, आणि डिकीची गेलेली जागा. तांदळाचे दोन कट्टे नातेवाइकांकडे पोहोचविणे हे ज्या प्रदेशात मोटारीचे नित्याचे काम आहे, तेथे डिकी ही चैनीची वस्तू नव्हे. टाटाने टाकीचे दोन लहान भाग करून ही जागा बरीच वाचवली आहे, हे नोंदवले पाहिजे. तरीही आपल्या नेहमीच्या वाटेवर सीएनजीचा पंप नसेल तर हा सारा हिशेब कागदावरच राहतो. राज्य शासनाने सीएनजी मोटारींवरचा कर 2025 मध्ये एक टक्क्याने वाढवून दहा लाखांखालील गाडीसाठी आठ टक्के केला. पेट्रोलच्या 11 टक्क्यांपेक्षा तो अजूनही कमी आहे, एवढेच.

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्यावरून 2025 च्या पावसाळ्यात बराच वाद झाला. जुन्या गाड्यांचे मायलेज काही टक्क्यांनी घटते, हे सरकारनेही मान्य केले. नवी गाडी घेणाऱ्याला मात्र याची चिंता नको, कारण एप्रिल 2023 नंतर बनलेल्या मोटारींचे भाग या इंधनाला धरूनच केलेले आहेत. अन्न महामंडळाच्या गोदामांतील तांदूळही आता इथेनॉलसाठी दिला जातो. बांधीत पिकलेला धान फिरून फिरून आपल्याच गाडीच्या टाकीत यावा, अशी ही गंमत. जुनी मोटार स्वस्तात घेण्याच्या बेतात असणाऱ्यांनी मात्र तिच्या बनावटीचे वर्ष पाहावे.

रस्त्यांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. रोवणीच्या दिवसांत पांदण रस्त्याने शेतापर्यंत मोटार न्यावयाची असेल तर कोणतीही छोटी हॅचबॅक त्यासाठी बनलेली नाही. क्विडची जमिनीपासूनची उंची 184 मिलिमीटर आणि एस-प्रेसोची 180, हे आकडे रिकाम्या गाडीचे आहेत. पाच माणसे बसली की त्यातले बरेच गळून जातात. त्यापेक्षा पावसाळ्यात दर आठवड्याला गाडीचा तळ पाण्याच्या जोरदार झोताने धुवावा. चिखल साचून पत्र्याला लागणारा गंज, हा या भागातील मोटारींचा मोठा शत्रू आहे.

प्रकार कोणता घ्यावा? सर्वांत खालचा घेऊ नये आणि सर्वांत वरचाही नको. खालच्या प्रकारात नसलेल्या गोष्टी नंतर बाहेरून बसवताना तारा कापाव्या लागतात आणि पुढच्या अनेक बिघाडांची सुरुवात तेथून होते. वरच्या प्रकारातला मोठा पडदा दहा वर्षांनी चालेलच, असे कोणी सांगू शकत नाही. आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा शहरातील वाहतुकीत सोयीची खरी, पण ती बिघडली तर तालुक्याचा मिस्त्री हात टेकतो. हातगिअरची, पेट्रोलवर चालणारी, मधल्या प्रकारातील सेलेरिओ किंवा वॅगन-आर, आणि महामार्गावर जास्त फिरणाऱ्यासाठी टियागो, असे आमचे मत आहे. कुटुंब तिघांचे असेल तर अल्टोदेखील वाईट नाही.

शेवटी सीमेवरच्या जिल्ह्याचा एक खास मोह. बालाघाट, राजनांदगाव, रायपूर जवळ आहेत. तेथे गाडी दहा-वीस हजारांनी स्वस्त पडते असे कोणीतरी सांगतो, आणि मग नातेवाइकाच्या पत्त्यावर नोंदणी होते. मोटार वाहन कायद्यानुसार परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवली तर महाराष्ट्राचा कर भरून नवा क्रमांक घ्यावा लागतो. तेथील कर परत मिळविण्यासाठी दोन राज्यांच्या परिवहन कार्यालयांत खेटे घालावे लागतात, ते निराळेच. एम एच 35 चा क्रमांक पहिल्याच दिवशी घेतलेला बरा. आणि बिलात ‘हँडलिंग’ या नावाने चार-पाच हजार लावलेले दिसले तर ते कशासाठी, हे विचारावे. बहुतेक वेळा विचारताच ती ओळ खोडली जाते.