शहाळ्याचे सोडण वाडीत जाऊ द्या

वसई-विरारमध्ये स्टेशनबाहेर, रुग्णालयांसमोर, जिथे जिथे शहाळ्याची गाडी लागते तिथे दुपारपर्यंत सोडणांचा ढीग होतो. तो कचऱ्याच्या गाडीत चढतो आणि गोखिवऱ्याच्या कचराभूमीची वाट धरतो. इकडे वाडीवाला रोपांसाठी तमिळनाडूतून आलेली कोकोपीटची ५ किलोची वीट विकत घेतो. हा उफराटा व्यवहार आहे.

सोडण नीट पाहा. कोयत्याचा घाव बसला की पांढरा गर दिसतो. थोड्याच वेळात तो तांबूस होतो, कपड्यावर डाग पडला तर जात नाही, हे टॅनिन. आतल्या धाग्यांत झाडाने स्वतः घडवलेले दोन पॉलिमर असतात. सेल्युलोज ताण सोसते, लिग्निन धागा कडक करते आणि कुजण्यापासून वाचवते. कापसात लिग्निन जवळजवळ नसतेच, तागात १२ टक्क्यांच्या आसपास. पक्क्या नारळाच्या काथ्यात ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून तर नायलॉन येण्याआधी कोकणात होडीचा दोर काथ्याचा असे. खाऱ्या पाण्यात तो टिके.

कचऱ्याच्या खड्ड्यात मात्र हाच गुण नडतो. भाजीपाला कुजून जातो, सोडण तसेच राहते. शहाळ्याचे धागे कोवळे असतात, त्यांचा चांगला दोर वळता येत नाही, हे मान्य. पण यंत्रात तुकडे केले तर केळी आणि मोगऱ्याच्या बुंध्याशी त्याचे उत्तम आच्छादन होते. तुकडे करताना धाग्यांतून सुटणारा भुसा म्हणजेच कोकोपीटचा कच्चा माल. तो धुऊन क्षार आणि टॅनिन काढायचे, मग धिंगरी अळिंबीच्या बुरशीने कुजवायचा. काथ्या मंडळाने (कॉयर बोर्ड) ही पद्धत केव्हाच रुळवली आहे. चांगले कोकोपीट आपल्या वजनाच्या आठपट पाणी धरते. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या विहिरी खारट होत चालल्या असताना वाडीला गोड्या पाण्याचा प्रत्येक थेंब हवा आहे.

महापालिकेने शहाळेवाल्यांकडून सोडणे वेगळी उचलावीत, इतर कचऱ्यात मिसळू देऊ नयेत. तुकडे करणारी यंत्रे कचराभूमीवर नेऊन उपयोग नाही. ओले सोडण जड, सगळा फायदा वाहतुकीतच जाईल. यंत्र वाड्यांच्या तोंडाशी बसवा. निर्मळ, भुईगाव, नंदाखाल, कुठूनही सुरुवात करा, आणि पहिल्या हंगामात तुकडे शेतकऱ्यांना फुकट द्या.