ज्याच्या हाती तक्ता, तो पारधी

१/ एम्बेडेड क्षेत्रात काम करणाऱ्या मित्रांमध्ये एक वाद वारंवार रंगतो: चिपचे वर्णन करणारी फाइल सर्व कंपन्यांनी एकाच प्रमाण स्वरूपात आणि खुलेपणाने द्यावी की नाही? ‘बाजार ठरवील, समित्यांनी लुडबूड करू नये’ असे म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला एवढेच सांगायचे आहे की हा प्रयोग मराठीवर एकदा होऊन गेला आहे आणि त्याची किंमत आपण अजून फेडतो आहोत. (धागा)

२/ आधी वादाचे मूळ पाहू. वीजमीटर, पंपाचा नियंत्रक, धुलाईयंत्र यांत मायक्रोकंट्रोलर नावाची छोटी चिप असते. तिच्यात शेकडो रजिस्टरे असतात. कोणत्या पत्त्यावरचा कोणता बिट बदलला की मोटर फिरते, हे एका तक्त्यात लिहिलेले असते. आर्मच्या गाभ्यावर आधारलेल्या चिपसाठी हा तक्ता एसव्हीडी नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये देण्याची पद्धत आहे. डीबगर ती वाचून रजिस्टरे नावानिशी दाखवतो. सर्वत्र अशी सोय नाही. तक्ता नसेल, तर चिप हातात असूनही मुकी.

३/ अक्षरांचेही नेमके असेच असते. संगणक ‘क’ साठवत नाही, एक आकडा साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे सांगणारा तक्ता हरवला की मजकूर असूनही नसल्यासारखा. म्हणूनच चिपच्या वादात मराठीचा दाखला देणे ही ओढाताण नव्हे.

४/ पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली. तिचे पहिले प्रमुख विजय भटकर हे आमच्या नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. आयआयटी कानपूरला सुरू झालेले जिस्टचे काम पुढे सी-डॅकने वाढवले. जिस्ट कार्ड ही संगणकात बसवायची पाटी होती. ती बसवली की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. तिच्यामागे ‘इस्की’ हा तक्ता होता. बहुतेक भारतीय लिप्यांना एकच सामायिक संकेत देणारे हे मानक १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून प्रसिद्ध झाले.

५/ म्हणजे मानक होते, आणि चांगले होते. युनिकोडचा देवनागरी विभागही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरच बेतलेला आहे. मग बिघडले कुठे? विंडोज आले आणि त्यात इस्की चालेना. तेव्हा पळवाट निघाली: रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट. ज्याने त्याने आपल्या सोयीने तुकडे मांडले. श्रीलिपीची मांडणी निराळी, आकृतीची निराळी, शिवाजी फॉन्टची आणखी निराळी. खुद्द सी-डॅकच्या सुरेख फॉन्टची मांडणीही इस्कीची नव्हती.

६/ परिणाम सांगतो. माझ्या अभ्यासासाठी एका संस्थेकडून १९९८ चे अहवाल सीडीवर मिळाले. उघडले तर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा कचरा. फॉन्ट कोणता, हे सांगणारा माणूस निवृत्त झालेला. उलट नागपूरकर भोसल्यांच्या काळातील मोडी कागद मी थोड्या मेहनतीने वाचू शकतो, कारण मोडी शिकवणारे आहेत आणि मोडीचा तक्ता कोणाच्या मालकीचा नाही. दोन शतकांपूर्वीचा कागद बोलतो. माझ्या जन्माच्या आगेमागेची फाइल बोलत नाही.

७/ बाजाराने हे दुरुस्त केले का? मुळीच नाही. आपल्याच फॉन्टमध्ये ग्राहक अडकून राहण्यात विक्रेत्याचा फायदा होता. अनेक परिवर्तक तयार केले ते स्वयंसेवकांनी, एकेक तुकडा डोळ्यांनी ताडून. आज चिपच्या एसव्हीडी फाइलींतील चुकाही जगभरचे स्वयंसेवक अशाच रात्री जागून दुरुस्त करतात. कंपनीने करायचे काम फुकट करणाऱ्यांच्या पाठीवर टाकायचे आणि त्याला ‘बाजाराची शक्ती’ म्हणायचे, हा निव्वळ कांगावा आहे.

८/ ‘इस्की होतेच, तरी गोंधळ झाला, म्हणजे मानके निरुपयोगी’ असा प्रतिवाद होईल. इतिहास नेमके उलट सांगतो. कागदावरचे मानक पुरत नाही. ते मागणारा खरेदीदार लागतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला पुरवठादारांनी दिलेल्या चिप आत काय करतात हे कळेना. त्या खात्याच्या पुढाकाराने व्हीएचडीएल ही वर्णनभाषा घडली आणि १९८७ मध्ये तिचे आयईईई मानक झाले.

९/ पुढचा भाग बाजारवाद्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. प्रतिस्पर्धी व्हेरिलॉग भाषा तोवर खासगी मालकीची होती. खुल्या व्हीएचडीएलपुढे ती मागे पडेल या धास्तीने मालक कंपनी केडन्सने १९९० मध्ये ती खुली केली. १९९५ मध्ये तिचेही मानक झाले. बाजाराचे दार उघडले हे खरे, पण सार्वजनिक मानकाने त्यावर धडका दिल्या म्हणून.

१०/ एक आक्षेप मात्र मान्य करतो. समित्या मंद असतात. मराठीला रोज लागणारा ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला. ‘वाऱ्या’तला ‘ऱ्य’ आजही दोन प्रकारे साठवता येतो. दिसायला एकच, पण साध्या शोधात एक सापडतो, दुसरा निसटतो. पण यावरचा उपाय मानक मोडीत काढणे हा नाही. ज्यांच्या हातून ते रोज वापरले जाते त्यांना दुरुस्तीचा अधिकार देणे, हा आहे.

११/ म्हणून मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशातून ज्या उपकरणांची खरेदी होते, त्यांतील चिपचा तक्ता यंत्राला वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात मिळावा. त्याच्या वापरावर आणि दुरुस्तीवर बंधन नसावे. फाइल आणि प्रत्यक्ष चिप जुळतात की नाही, हे पुरवठादाराने तपासून द्यावे. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे आपले प्रोसेसर आहेत. त्यांच्यावर घडणाऱ्या उपकरणांपासून ही शिस्त सुरू करता येईल. पुढच्याला ठेच, मागचा शहाणा, असे म्हणतात. येथे पुढचे आणि मागचे दोन्ही आपणच.

१२/ ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण आपण हसत म्हणतो. यंत्रयुगात ससा म्हणजे तक्ता. वीस वर्षांनी एखाद्या गावातील पंपाचा नियंत्रक बंद पडेल, त्याची कंपनी तोवर बुडालेली असेल. तेव्हा तो दुरुस्त करायला बसलेल्या पोरापुढे दोनच शक्यता असतील: मोडी कागदासारखे वाचता येणारे वर्णन, किंवा माझ्या त्या सीडीसारखा कचरा. यांपैकी काय मिळावे, हे ठरवण्याची वेळ आजची आहे. (समाप्त)