‘ग्रोक, हे खरं आहे का?’

मे २०२५. भारत-पाकिस्तान संघर्ष पेटलेला, आणि एक्सवर व्हिडिओंखाली तिथल्या एआय चॅटबॉटला, ग्रोकला, एकच प्रश्न: ‘ग्रोक, हे खरं आहे का?’ उत्तर क्षणात हजर. सुदानमधल्या खार्टुम विमानतळाची जुनी चित्रफीत या महाशयांनी पाकिस्तानातल्या नूर खान हवाई तळावरचा क्षेपणास्त्र हल्ला ठरवून टाकली. आता नूर खानवर त्या दिवसांत हल्ला खरोखरच झाला होता. म्हणून तर ते उत्तर पटलं. बातमी खरी, चित्र भलत्याच देशाचं. अशी भेसळ ओळखणं सगळ्यात अवघड.

एआय चित्राच्या जागी जाऊन पाहत नाही. आजूबाजूला जे लिहिलं जातंय त्यावरून सर्वांत शोभेल असं वाक्य ते जुळवतं. शंभर जण चुकीचं लिहीत असतील, तर एकशे एकावं म्हणून तेही तेच लिहिणार, आणि वर छातीठोकपणे. न्यूयॉर्कच्या एका वकिलाने तर कमाल केली. चॅटजीपीटीने पुरवलेले खटल्यांचे दाखले खरे आहेत का, हे त्याने चॅटजीपीटीलाच विचारलं! ते हो म्हणालं. दाखले बनावट निघाले आणि जून २०२३ मध्ये पाच हजार डॉलरचा दंड बसला.

आपल्याकडे न तपासता विश्वास ठेवण्याची किंमत डॉलरमध्ये मोजता येत नाही, आणि ती एआयच्या आधीपासूनची आहे. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. त्या काळात मुलं पळवल्याच्या ज्या क्लिपा देशभर फिरत होत्या, त्यांपैकी एक कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधली होती. मूल परत आणून सोडतात तो शेवट कुणीतरी कापला होता. उरलेल्यात बनावट चित्र एकही नव्हतं. ‘हा व्हिडिओ बनावट आहे का?’ असं विचारलं असतं तर ‘नाही’ हेच उत्तर बरोबर ठरलं असतं.

तरीही मी एआय वापरतो. जुनी चित्रं हुडकायला, उर्दू किंवा अरबी पाटी वाचून घ्यायला त्याच्याइतका चपळ मदतनीस नाही. फक्त त्याच्याकडे निकाल मागायचा नाही, माग काढून घ्यायचा.

तेव्हा ग्रुपवर पुढची क्लिप आली की ‘खरं का?’ असं विचारू नका. ‘ही सगळ्यात आधी कुठे आणि कधी आली?’ असं विचारा. मिळालेली लिंक स्वतः उघडा, तारीख बघा. लिंक उघडत नसेल, तर क्लिप पुढे पाठवू नका.