आकडा झाकून ठेवावा

मेहकरहून सिंदखेडराजाकडे निघालात की वाटेत सुलतानपूर लागते. तेथून लोणारचे सरोवर जेमतेम दहा-बारा किलोमीटर. जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे मोबाइलवरून देशभर फिरली. अशा छायाचित्राखाली एक अंगठा किंवा बदाम असतो आणि त्याशेजारी आकडा : इतक्या लोकांना हे आवडले.

समजा, सुलतानपूरच्या एका विद्यार्थिनीनेही तेव्हा आपले छायाचित्र टाकले असते आणि खाली लिहिले असते की, पाणी बरेच आत सरले आहे व काठावर क्षारांचा पांढरा थर दिसतो आहे. दुसऱ्या कोणी रंग आणखी भडक करून ‘उल्केचा चमत्कार’ असे लिहिले असते. अंगठे कोणाला जास्त मिळाले असते हे सांगायला नको! पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. बाष्पीभवनाने पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि खाऱ्या पाण्यातच फोफावणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव त्यात माजले होते. नमुन्यातील हे जीव तळाशी बसले तेव्हा वरचे पाणी जवळजवळ नितळ झाले. म्हणजे आपल्या या कल्पित मुलीची नोंद कारणाच्या अगदी जवळ पोचली होती. पण तिच्याखालचा ‘११’ हा आकडा साऱ्या वर्गाने पाहिल्यावर तिने दुसरी नोंद लिहिली असती का? मला शंका वाटते.

म्हणून हा आकडा चारचौघांत दाखवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने मन दुखावते हे तर खरेच. पण मोजमाप म्हणूनही तो सदोष आहे.

वाटीभर गरम पाण्यात मोठा थंड तापमापक बुडवला, तर तो पाण्यातील उष्णता घेतो आणि पाणीच थोडे निवते. आपण वाचतो ते मूळचे तापमान नसतेच. लाईकच्या आकड्याचे असेच होते. तो आवड मोजायला ठेवलेला असतो; पण पुढे येणारा प्रत्येकजण तो पाहूनच आपली आवड ठरवू लागतो.

याचा एक सुंदर प्रयोग अमेरिकेत सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांनी केला व २००६ साली प्रसिद्ध केला. फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या वाद्यवृंदांची ४८ गाणी त्यांनी निवडली. सुमारे १४,००० जणांनी ती ऐकली आणि आवडतील ती उतरवून घेतली. एका गटाला नुसती गाणी दिली. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकले आणि आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी घेतले, हा आकडा प्रत्येक गाण्याशेजारी दाखवला. गाणी तीच, ऐकणारेही सारख्याच धाटणीचे. तरी आठ गटांत आठ निरनिराळे निकाल लागले! आकडा न पाहणाऱ्यांत जे गाणे २६ व्या क्रमांकावर होते, ते एका गटात पहिले आले आणि दुसऱ्या गटात ४० वे. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट सहसा वर आली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पण मधल्यांचे नशीब पहिल्या काही श्रोत्यांच्या हाती राहिले. आणि आपण बहुतेकजण मधलेच असतो, नाही का?

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात तर संशोधकांनी बातम्यांखालच्या काही प्रतिक्रियांना, मजकूर न पाहता, सुरुवातीलाच एक खोटे अनुकूल मत देऊन टाकले. तेवढ्याने त्यांचे शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले.

ही गोष्ट आपल्या देशाला नवी नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बुलढाणा मतदारसंघात २६ एप्रिलला मतदान झाले. मोजणी ४ जूनला. ३९ दिवस सुलतानपूरकरांची मते कुलूपबंद राहिली. मतदानोत्तर चाचण्यांचे अंदाजही देशभरचे मतदान संपेपर्यंत प्रसिद्ध करता येत नाहीत. २००९ च्या कायदादुरुस्तीने तशी बंदी आहे. आधीच्यांचा कौल पाहून नंतरच्यांनी मत बनवू नये, एवढाच त्यातला हेतू.

इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये कॅनडापासून आरंभ करून आकडा लपवण्याची चाचणी घेतली. काहींना बरे वाटले, तर काहींना, काय गाजते आहे ते कळेना म्हणून, राग आला. शेवटी मे २०२१ मध्ये कंपनीने निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोपवला : आकडा दिसणार, नको असेल त्याने सेटिंग्जमध्ये जाऊन झाकावा. शाळकरी मुलांपुरते मला हे उलट हवे आहे. मुळात आकडा झाकलेलाच असावा.

‘मग आपले काम कसे झाले हे कळायचे कसे?’ असे कोणी विचारील. दहावीच्या गुणवत्ता यादीची आठवण शिक्षकांना असेल. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत पहिल्या आलेल्यांची छायाचित्रे झळकत. या शतकाच्या पहिल्या दशकात राज्य मंडळाने ती यादी बंद केली. गुणपत्रिका मात्र बंद झाली नाही. ज्याचे गुण त्याच्या हाती पडतातच. आकडा ज्याचा त्याला कळावा, गावभर टांगला जाऊ नये. मोबाइलवर माल विकणाऱ्याला तो मिरवायचा असेल तर त्याने खुशाल मिरवावा. त्याचा धंदा आहे.

माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवू नका, करून पाहा. एका बरणीत सोयाबीनचे दाणे भरा. नववीच्या एका तुकडीत प्रत्येकाने आपला अंदाज फळ्यावर, आधीच्यांच्या खाली लिहावा. दुसऱ्या तुकडीत प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून घडी घालून द्यावा. फळ्यावर पहिला अंदाज लिहिणाऱ्याला गुपचूप सांगून ठेवा की, आकडा मुद्दाम फुगवून लिही. मग दोन्ही तुकड्यांची सरासरी काढा आणि दाणे प्रत्यक्ष मोजा. मोजायला तास-दीड तास लागेल. ते काम दोन्ही तुकड्यांनी मिळून करावे.