दादर आधी शेतातून गेली

धुळ्याला किंवा जळगावला साखर तपासायला जा, औषधाच्या चिठ्ठीबरोबर एक वाक्य हमखास मिळतं: पोळी-भात कमी करा, भाकर खा. सल्ला खोटा नाही. पण ऐकणारा माणूस भाकरीवरच वाढलेला असतो. त्याची भाकर सुटली कशी, ते विचारा ना!

आमच्या खान्देशात दादर म्हणजे रब्बी ज्वारी, तापीकाठच्या काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येणारी. तिच्यात सालासकट उडीद घालून दळलं की कळणा. कळण्यानी भाकर, मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत. याला पथ्य म्हणायचं कोणाला सुचलंही नाही.

आणि दादर घरात होती ती काही तब्येतीसाठी नव्हे. ढोरांना कडबा लागायचा. कणीस आपल्याला, ताटं बैलाला. ट्रॅक्टर आला, बैलजोडी गेली, कडब्याची गरज संपली. 2002 नंतर बीटी कपाशी शिवारभर पसरली, पाणीवाल्यांनी केळी वाढवली. आता एकट्याने दादर पेरली तर गावची सगळी पाखरं त्याच्याच कणसांवर. कापणीला मजूर मिळत नाही ते वेगळंच. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य 1 रुपया किलो, गहू 2, तांदूळ 3 असं लिहिलेलं. आमच्या थैलीत बहुतेक महिने गहू-तांदूळच पडला. मग ताटात काय येणार?

2023 हे साल भारताच्या प्रस्तावावरून जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. शहरात ज्वारीची बिस्किटं आली. येऊ द्या. पण महागडा पुडा घेणाऱ्याला जागरूक म्हणायचं आणि रेशनची पोळी खाणाऱ्या मजुराला बेफिकीर, हा कुठला न्याय?

‘जुनं ते सोनं’वाल्यांनाही एक सांगतो. पोळ्या सकाळी लाटून डब्यात ठेवता येतात. भाकर गरमच गोड लागते. निंदणीला जाणाऱ्या बाईने दोन्ही वेळा चुल्ह्यापुढे बसावं, असं वाटत असेल तर भाऊ, आधी तू परात ओढ. चार दिवस थाप, मग बोल.

पाच-सहा जणांनी बांधाला बांध लावून दादर पेरली तर पाखरांचा वाटा विभागतो. कडबा घ्यायला दूधवाले आहेत. सरकारने ती ज्वारी इथेच खरेदी करून इथल्याच रेशनवर द्यावी. डॉक्टरसाहेब, तुमच्या चिठ्ठीवर तेवढं लिहा, तुमचं ऐकतील.