‘शे’ म्हणणारी माणसे

एखाद्या समाजाविषयी विचार करण्याचा कंटाळा आला, की मनुष्य त्या समाजास एक विशेषण चिकटवून मोकळा होतो. विशेषण मोठे सोयीचे असते; ते एकदा लागले म्हणजे समोरच्या माणसाकडे पाहण्याचे श्रम वाचतात. आमच्या नवागाम, दिंडोली, उधना आणि लिंबायत या भागांत राहणाऱ्या खानदेशी बांधवांच्या वाट्यास अशी विशेषणे पुष्कळ आली आहेत. गुजराती शेजारी त्यांना सरसकट ‘मराठी’ म्हणतो. जुन्या वस्तीतला मराठी गृहस्थ मात्र ‘ते आपल्यातले नव्हेत, खानदेशी आहेत’ असे सांगून चार हात दूर राहतो. एकास ते गिरणीतले हात वाटतात, दुसऱ्यास अशुद्ध बोलणारी तोंडे.

या मासिकाचे बहुतेक वाचक पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत स्थिरावलेल्या मराठी घराण्यांतले आहेत. म्हणून या विशेषणांची थोडी झडती येथेच घ्यावी, असे आम्हांस वाटते.

पहिला आक्षेप भाषेचा. अहिराणी म्हणजे मराठी-गुजरातीची खिचडी, असे चांगली शिकलेली मंडळीही बोलून जातात. अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, ‘घरात’ला ‘घरमा’, ‘मला’ला ‘माले’ आणि ‘माझा’ला ‘मना’. मराठीतल्या ‘ळ’च्या जागी तेथे ‘य’ येतो. डोळ्याचा ‘डोया’ होतो, काळ्याचा ‘काया’. हे लहरीने होत नाही, नियमाने होते. आणि नियम आहे तेथे व्याकरण आहे. चुका इतक्या शिस्तीने कोणी करीत नसते. ‘घरमा’तला ‘मा’ गुजरातीतही आहे, हे खरे. पण तापी मुलताईला उगम पावून खानदेशातून वाहत सुरतेस येते. एकाच खोऱ्यातल्या बोलींत सारखेपणा आढळला, तर एकीने दुसरीकडून उसनवारी केली असे कशावरून ठरवावयाचे? ग्रियर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात मराठीला स्वतंत्र सातवा खंड दिला आणि खानदेशीचा समावेश 1907 साली प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ल बोलींसमवेत, केला. अहिराणी स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. ‘अशुद्ध’ हा शब्द त्या वादात कोणत्याच पक्षाच्या कामाचा नाही.

दुसरा आक्षेप अडाणीपणाचा. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची बोली लेवा, म्हणजे अहिराणीची शेजारीण. पण माती तीच. त्यांच्या निधनानंतर, 1952 साली, त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली आणि 2018 पासून उत्तर महाराष्ट्रातले विद्यापीठ त्यांचे नाव धारण करून आहे. ज्ञानपीठविजेते भालचंद्र नेमाडे याच जिल्ह्यातल्या सांगवीचे. आणि आपणा गुजरातवासी मराठी मंडळींना ज्यांचा सर्वाधिक अभिमान, ते सयाजीराव महाराज? त्यांचा जन्म 1863 साली मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्यास, एका शेतकरी घरात झाला. तो टापू अहिराणीचाच. बाराव्या वर्षी बडोद्याच्या गादीवर दत्तक आलेल्या त्या मुलास लिहितावाचता येत नव्हते. आणि त्याच मुलाने पुढे आपल्या संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. त्यांच्या कुळाचा अभिमान बाळगावा आणि त्यांच्या मुलखाच्या बोलीस नाक मुरडावे, हे न्यायाचे दिसत नाही.

तिसरा आक्षेप असा, की ही माणसे केवळ पैसा जोडावयास येतात, चिकटपणे राहतात, गावाकडे पाठवितात. असाच शिक्का सातासमुद्रापलीकडे इलोकानो लोकांवर बसला आहे. फिलिपीन्समधील लुझोन बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत हे लोक राहतात. जमीन थोडी, खाणारी तोंडे फार. म्हणून 1906 साली त्यांच्यातल्या 15 जणांची पहिली तुकडी हवाई बेटांवर उसाच्या मळ्यांत मजुरीस गेली आणि तिच्यामागून सहस्रावधी गेले. त्यांच्या देशबांधवांनी त्यांना ‘कंजूष’ ठरविले. लाम-आंग या वीराचे महाकाव्य पिढ्यान्‌पिढ्या जपणारा हा समाज परक्यांना ओळखीचा झाला तो काटकसरीच्या विनोदांतून!

खानदेशाची कथा याहून फार वेगळी नाही. पावसावर भिस्त ठेवणारी शेती, 1972 सारखे दुष्काळ, आणि इकडे सुरतेत यंत्रमाग व रंगाई-छपाईच्या गिरण्या. अमळनेर, दोंडाईचे, नंदुरबार या गावांना उधन्याशी जोडणारा लोहमार्ग तर होताच. बारा बारा तास मागावर उभा राहणारा मनुष्य पै पै राखतो, कारण गावी म्हातारी आई आणि कोरडी विहीर असते. तोच मनुष्य श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसविताना हात आखडत नाही. त्या दिवशी भाऊबंद एकत्र येतात, रोट होतात, रात्र जागविली जाते आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन निघते. त्या मिरवणुकीत ज्याने एकदा पाहिले, तो या लोकांस चिकट म्हणावयास धजणार नाही.

इतके सांगण्याचे कारण वर्गात आहे. पहिलीत आलेले पोर ‘मी जास’ म्हणते, वर्ग हसतो, आणि ते पोर पुढे आठवडाभर तोंड उघडीत नाही. काही माता प्रवेशाच्या वेळी आम्हांस आवर्जून सांगतात, की गुरुजी, आम्ही घरी शुद्धच बोलतो. प्रमाण मराठी शिकविणे हा आमचा धर्म आहे आणि त्यात आम्ही सूट देत नाही. परंतु नवी भाषा देताना आईची भाषा काढून घ्यावी, असे कोणत्याही शिक्षणशास्त्रात लिहिलेले नाही.

2027 च्या जनगणनेत मातृभाषेचा प्रश्न घरोघरी विचारला जाईल. ‘काय लिहावे?’ असे पालक आम्हांस विचारतात. जनगणनेत अहिराणी ‘खानदेशी’ या शीर्षकाखाली मोजली जाते, मराठीखाली नव्हे. खानदेशी भाषिकांची संख्या 1991 साली सुमारे 9 लाख 74 हजार होती, 2001 साली ती 20 लाख 75 हजार झाली आणि 2011 साली 18 लाख 60 हजारांवर उतरली. दहा वर्षांत माणसे दुप्पट होत नाहीत. दुप्पट होते ते सांगण्याचे धैर्य, आणि पुढे ते ओसरतेही. खानदेशी मंडळींनी अहिराणी लिहिल्यास गुजरातेतले मराठीचे आकडे घटतील आणि मराठी शाळांची बाजू लंगडी पडेल, अशी भीती काही जाणते लोक बोलून दाखवितात. मराठी शाळेत उभी हयात काढलेल्या आम्हांस ती भीती परकी नाही. तरीही आमचे उत्तर एकच आहे: आईने जी भाषा शिकविली, तीच लिहावी. अवगत असलेल्या इतर भाषांसाठी 2011 साली वेगळा रकाना होता. तसा यंदाही असल्यास तेथे मराठी अभिमानाने लिहावी. आपल्याच लेकरांना आईचे नाव लपवावयास लावून मराठीचा आकडा फुगणार असेल, तर 2024 साली अभिजात ठरलेल्या या भाषेस तो शोभणार नाही.

आणि जुन्या मराठी घराण्यांतील आमच्या वाचकांनी एवढेच करावे: पुढच्या श्रावणात कानबाईचे निमंत्रण आले, तर अवश्य जावे. निमंत्रण येत नसेल, तर ते का येत नाही, याचा घरी बसून थोडा विचार करावा.